लाख आत, अंडी बाहेर

हॅलो?… हो, बोल नंदू… आवाज? पाण्याचा आहे. टबात ओततेय. खारं पाणी… अगं ऐक ना, सांगते. आधी तू बोल.

अण्णा? तसेच आहेत… सकाळी अर्धी इडली. तीसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत… हो, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे माझ्या. सोमवारपर्यंत खायला लागले नाहीत तर दाखल करायचं आणि नाकातून नळी. मला नको सांगूस. इथे मीच असते त्यांच्याजवळ.

काय? तिकीट काढलंस? कुणाला विचारून?… पुण्याला नेऊन काय होणार आहे? तुझ्या आठव्या मजल्यावर खाडी येणार आहे का?… बरं, चुकलं. चेन्नईतही माझ्या दारात येत नाही. मान्य… नाही, भांडत नाहीये. आई गेल्यापासून आपण दोघी नुसत्या भांडतोय. आजचा दिवस राहू दे.

बोलायला इथे त्यांना कोण आहे, हे खरंय. खाली वॉचमन आहे, पण तो त्यांना माझा भाऊ समजतो… अगं, इकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ ना! मला विचारतो, तुमचा भाऊ एवढा म्हातारा कसा?… हो, हसले होते अण्णा. जरासेच.

पण ऐक तर. परवा ते आपणहून बोलले. एकच शब्द. ‘कुर्ली’… हो गं, कुर्ली! मी दोनदा विचारलं. ‘लाखेची?’ म्हटलं, तर मान हलवली.

हस, हस. दिवसभर संशोधन संस्थेत कुर्ल्याच बघते. एकेक उताणी करते, पोटाखालची झडप बघते, तिकोनी असेल तर नर, गोल रुंद असेल तर वयात आलेली मादी. आणि घरात आजवर एक शिजवली नाही. तंजावरकरांच्या घरात लग्न केलं मी. इथल्या ओट्यावर अंडंसुद्धा फुटलेलं नाही… विचारलं ना सासूबाईंना. अन्नपूर्णाबाई नाव आहे, कुणी खातो म्हटलं की नाही म्हणवत नाही त्यांना. गॅलरीत करायचं, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात, आणि त्या तेवढा वेळ देवळात जाऊन बसणार. असं ठरलं.

मग इथल्याच किनाऱ्यावरच्या कोवलमच्या अलमेलूला फोन केला… मासे विकते ती, मागे तुला सुकट दिली होती बघ. तिला म्हटलं, सिनै नंडू पाहिजे. नंडू म्हणजे खेकडा, आणि सिनै म्हणजे… तेच. लाखेची. निदान मला तसं वाटलं.

तिथेच गाडी चुकली. पोटात लाख भरलेली, अंडी अजून न घातलेली, ती सिनै, आणि बाहेर अंडी धरून फिरणारी तीही सिनै. गाभण गाय तीसुद्धा सिनैच. आपल्याकडे कसं, लाख आत, अंडी बाहेर. आतली खायची, बाहेरची सोडायची. अण्णा तसली घरात आणूसुद्धा देत नसत… हो, हो, ‘तिची ओटी भरलीय’ म्हणायचे आणि जाळ्यातून तशीच परत पाण्यात. मी गेले ऐटीत तमिळ बोलायला!

टोपली उघडली आणि… नंदू, काय देखणी आहे ती! वीतभर पाठ, हिरवट काळी. झडप फुगून उघडलेली, आणि खाली अंड्यांचा नुसता पुंजका. लाखो असतात गं… छे, नारिंगी नाहीत. नारिंगी सुरुवातीला असतात. ही काळपट झालीत, म्हणजे आत पिल्लांना डोळे आलेत. आज-उद्या फुटणार. म्हणून तर पाणी ओततेय, मगाचपासून तेच चाललंय.

सासूबाई? त्यांचंच सांगायचंय. पदर नाकाला लावून देवळात निघाल्या होत्या. मी अलमेलूवर फोनवर ओरडत होते, त्यात ‘सिनै’ कानावर पडलं. ‘अय्यो, पावम! पोटुशी आहे की गा ही!’ म्हणाल्या, चपला काढल्या आणि हळदीकुंकू घेऊन गॅलरीत… खरंच! कुर्लीच्या पाठीला कुंकू लावलं. आता वळैकाप्पु करू म्हणतात. इकडे गरोदर बाईला बांगड्या भरतात ना, ते. गिरीधर ऑफिसातून फोनवर म्हणतो, अम्मा, दहा पाय आहेत तिला, दुकान रिकामं होईल!

अगं थांब, मुद्दा पुढेच आहे. एवढ्या गोंधळाने अण्णा उठून आले… स्वतः. भिंतीला धरून. टबात बघितलं आणि म्हणाले, ‘हिला शिजवणार होतीस?’… अख्खं वाक्य, नंदू! खुर्ची ओढून बसले ते अजून बसलेत. अण्णा, तिच्या नांग्यांची दोरी सोडू नका! बोट तोडेल ती!… नाही, ऐकत नाहीत. एका नांगीची सोडलीच.

मग बोलायलाच लागले. आचऱ्याच्या खाडीतली जोडी आठवते का, म्हणाले… तुला आठवते? कांदळाच्या मुळांपाशी, नर मादीला पोटाखाली धरून चालायचा ती… बरोबर. ती कात टाकणार, मऊ होणार, म्हणून आधीपासून धरतो. आणि तिचं कवच घट्ट झाल्याशिवाय सोडत नाही. अण्णा जोडीला कधी हात लावायचे नाहीत. आणि काठावरून आई…

हो! ‘बघा, शिका काही! तो बायकोला उचलून हिंडतो, तुम्ही साधी घागर उचलत नाही.’… आणि अण्णा, ‘त्याची गप्प असते, म्हणून उचलतो!’… अगदी तस्सं! त्याच सुरात सांगितलं आज.

…हं.

…उचललंच की शेवटी. खाटेवरून मोरीपर्यंत, मोरीपासून खाटेपर्यंत. मी बाई ठेवू म्हटलं तर ‘माझी आहे, मी नेतो.’… हं… आहेस ना फोनवर?… रड. मीपण मगाशी तोंड धुऊन आले.

नाही, मग त्यांनी विचारलं, हिचा नर कुठे? म्हटलं, तो खाडीतच राहतो. ही एकटी समुद्रात जाते, पिल्लांना खाडीचं पाणी मानवत नाही. ‘मग अंडी फळतात कशी?’ म्हटलं, ती मऊ असतानाच त्याने द्यायचं ते दिलेलं असतं. ती आत जपून ठेवते, महिनोन्‌महिने, आणि अंडी घालताना वापरते. तो जवळ असावा लागत नाही.

मग म्हणाले, ‘म्हणजे तो मागे राहतो.’

म्हटलं, हो अण्णा.

‘तिच्या माघारी करतो काय?’

…नंदू, मी यावर प्रबंध लिहिलाय. परीक्षकांनी काय काय विचारलं, हे नव्हतं विचारलं. जे खरं आहे ते सांगितलं. खाडीत राहतो. खातो. पुन्हा कात टाकतो. वाढतो.

…नुसतं ‘बरं’ म्हणाले. आणि मग, ‘हिला सोडून येऊ.’

किनाऱ्यावर नाही सोडत, लाटा परत आणतात. अलमेलूच्या नवऱ्याची होडी आहे, तो खोल पाण्यात नेईल. गिरीधर सिरुसेरीच्या ऑफिसातून निघालाय, तो आला की गाडीने कोवलम… अण्णा? अण्णाही येणार म्हणतात. होडीत… मी वेडी नाहीये! मीही तेच म्हटलं त्यांना, अंगात ताकद नाही, उभं राहवत नाही, होडीत कसे बसणार… नाही, अगं… मी परवानगी दिलेली नाही… तुझा आवाज ऐकू जातोय त्यांना, ओरडू नकोस…

काय अण्णा?… थांब नंदू… काय म्हणालात?…

नंदू.

म्हणतायत, उपाशीपोटी होडीत बसायचं नसतं. आधी जेवायला वाढ… हो… हो, ‘वाढ’ म्हणाले. आपणहून. आत चाललेत… मला काय माहीत कुठे, टेबलाकडे! सासूबाई पाट मांडतायत, त्यांना खुर्ची लागते हो, खुर्ची!

रसम आहे. नुसतं रसम आणि भात. चिंचेचं आहे, कोकमाचं नाही, नाक मुरडतील… नाही, फोन नाही देत त्यांना. जेवू दे… तिकिटाचं नंतर बघू. ठेवते गं. तूही ठेव…

अण्णा, आले! भात किती वाढू?