तेवीस किलोमीटरची खडी

मी खाली सही करणारी, वय ५१, धंदा बांधकामाच्या निविदांचे दर काढणे, राहणार भावाच्या घरामागची खोली. ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की,

माझा मोठा भाऊ रस्त्यांची कंत्राटे घेतो. त्याच्या निविदांचे दर एकोणीस वर्षे मीच काढते. खडी, डांबर, मजुरी यांची बेरीज करून वर नफा चढवला की झाले, असे लोकांना वाटते. खरी मेख वाहतुकीत असते. खडी किती लांबून आणायची, त्यावर दर वरखाली होतो.

शाळेकडच्या रस्त्यासाठी मी खाणीपासूनचे अंतर तेवीस किलोमीटर धरले, कारण मधला पूल बंद होता. निविदा भरायच्या दिवशी सकाळी स्कूटरवर जाऊन पाहिले, तर पूल सुरू. अंतर नऊच. चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. लगेच परत येऊन दादाला नवा तक्ता दिला. तो म्हणाला, "बरं झालं गं, आता काम आपलंच."

दुसऱ्या दिवशी निविदा उघडल्या. काम ज्याला सगळे बुलडोझर म्हणतात त्या ठेकेदाराला गेले. त्याचा दर आमच्यापेक्षा जेमतेम कमी होता. जेवताना दादा त्याच्या भागीदार मेहुण्यासमोर म्हणाला, "घरातच घरभेदी असल्यावर बाहेर शत्रू कशाला हवा?" वहिनीने माझ्याकडे न बघता वाढले. महिनाअखेर खोली मोकळी कर, असे मला सांगण्यात आले.

माझा संशय झेरॉक्सवाल्यावर होता. तो कागद मोजताना वाचतोसुद्धा. मग टायपिस्टवर. थोडा वहिनीवरही होता, तेही लिहून घ्यावे. म्हणून दर चोरल्याची तक्रार मी अज्ञात इसमाविरुद्ध दिली.

आज साहेबांनी चारही निविदा माझ्यापुढे ठेवल्या. बुलडोझर आणि इतर दोघांच्या तक्त्यात अंतर तेवीस होते. माझी चूक तिघांनी उतरवली होती. तो तक्ता टाइप झाला नव्हता, झेरॉक्सलाही गेला नव्हता. तो मी हाताने लिहून फक्त दादाला दिला होता.

चौथी निविदा आमची. तिच्यातही तेवीसच, दादाच्या अक्षरात. नऊ लिहिले असते तर काम आमचे होते. साहेब म्हणाले, "ताई, यात नंबर लागलेले असतात. एकाचा तक्ता सगळे वापरतात, ज्याचा नंबर असेल तो दर थोडा खाली आणतो. या वेळी तुमच्या भावाचा नंबर नव्हता." मी पाणी मागितले. ते मिळाले.

काम का गेले, हे मेहुण्याला काहीतरी सांगायला हवे होते. दादाने माझे नाव सांगितले. एकोणीस वर्षांत त्याच्यावर संशय घ्यायचे मला सुचले नाही, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

दादा सध्या बाहेर बाकावर बसला आहे. त्याने हवालदाराकडून निरोप पाठवला, "तिला म्हणावं, खोली तुझीच आहे. घरी चल." तक्रार मागे घेता का, असे साहेबांनी विचारले. मी घेत नाही. 'अज्ञात इसम' खोडून तिथे माझ्या भावाचे नाव घालावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचताना दार उघडे ठेवावे, अशी माझी विनंती होती. ती मान्य झाली.