सात नंबरच्या गल्लीचा दुसरा आवाज

...आणि वर मलाच विचारतात, "काओ, तुला कळलं कसं नाही?" अहो, कळणार कसं? तुम्हाला सांगतो, चियायीसारख्या गावात तीन वर्षं इंटरनेटवर स्वतःचं मासिक चालवून बघा, मग बोला! माणसं दोनच. कॉम्प्युटरचं पेइ-जू बघायची, माणसांचं मी. आणि मासिक म्हणजे पानं नाहीत, लेख नाहीत, पडद्यावर आमची अख्खी सात नंबरची गल्ली, ज्या दारावर बोट ठेवाल त्या घरातलं माणूस बोलायला लागणार! काय कल्पना होती! ऐकणारे किती? एक्केचाळीस! त्यात माझ्या बायकोचे दोन फोन!

आम्हाला ऐकणारा हवा होता हो, दुसरं काय मागत होतो?

त्यात गल्ली पाडून टॉवर बांधायला एक कंपनी आलेली. सगळ्यांच्या पुढे उभी राहिली आ-लान आजी, वय एक्क्याऐंशी, टर्की-भात विकते, आणि तिच्या भरवशावर बाकीची अकरा घरं. मी तिच्यापुढे माइक धरला. "काय बोलू रे पोरा?" म्हणाली (मी बावन्न वर्षांचा पोरगा!) आणि सुरू झाली ती चाळीस तास! नवरा, सासू, भूकंप, तांदूळ... मध्येच खोकायची, म्हणायची, "हे काढून टाक." मी कशाला काढतोय?

आणि मग तो आला. एक नवा ऐकणारा. रोज सकाळी नऊला हजर, एकेक दार, पहिल्यापासून शेवटपर्यंत! मी तर पेढे वाटायचाच बाकी होतो, म्हणजे आमच्याकडची अननसाची बिस्किटं हो! पण पेइ-जूचा चेहरा पडलेला. "काओदादा, हा आजींचा खोकला पुन्हा पुन्हा ऐकतोय. उसासे ऐकतोय. आजी गप्प बसतात ना, ते गप्प बसणंसुद्धा ऐकतोय."

"रसिक असेल गं!"

"दादा, बारा दारं एकाच सेकंदाला उघडतोय. हा माणूस नाही."

म्हटलं, नसेल! आम्हाला ऐकणारा हवा होता हो!

महिन्याभरात इंटरनेटवर दुसरी गल्ली निघाली. तशीच, तीच दारं, फक्त आमच्यापेक्षा झकपक. आजीच्या दारावर बोट ठेवलं... तुम्हाला सांगतो, आवाज आजीचा, खोकला आजीचा, आणि म्हणतेय काय, "दमले रे पोरा. जिने चढवत नाहीत. लिफ्टचं घर मिळतंय, तर घेऊन टाकू की." हे ती कधी बोललीच नव्हती! आणि ऐकणारे? नव्वद हजार!

देवळाच्या आवारात कंपनीची सभा. आजी उठली, काठी आपटली, "मी होकार दिलेला नाही!" तर तो इस्त्रीतला साहेब किती गोड हसला म्हणता! "आजी, रोज तर सांगताय!" आणि स्पीकर लावला. समोर आजी ओरडतेय, "अरे, ही मी नव्हे!" स्पीकरमधली आजी खोकतेय, आणि लोक... लोक स्पीकरकडे बघतायत! कारण तो स्पष्ट ऐकू येत होता! लोखंडवाला शेजारी त्साइ काय म्हणावा? "आ-लान, फोनवर एक बोलतेस, इथे एक बोलतेस, आम्ही कुठलं धरायचं?"

मी ओरडलो, पेइ-जूनं आवाज मशीननं बनवल्याचे पुरावे दाखवले. कोण बघतं? अकरा सह्या झाल्या, तेवढ्या पुरल्या. आम्ही आमची गल्ली बंद केली, सगळे आवाज पुसले. उपयोग? ती दुसरी चालूच आहे, रोज नवं बोलते.

आम्हाला ऐकणारा हवा होता हो... मिळाला.

आजी आता मुलाकडे, नवव्या मजल्यावर. परवा फोन आला. म्हटलं, आता शिव्या घालणार, घालू दे, आपण त्याच लायकीचे. तर हळूच म्हणते, "पोरा, सुनेच्या फोनवर ऐकली ती दुसरी मी. आमच्या ह्यांनी मला स्टेशनावर मागणी घातली, हातात फुलं होती म्हणे."

"आजी, ते सगळं खोटं आहे हो!"

"माहीत आहे रे. आमचं लग्न मामानं ठरवलं, फुलंबिलं कुठली? पण पुढे काय झालं ते उद्या सांगणार आहे ती. मला माझ्या फोनवर लावून देतोस का?"

गेलो, दिलं लावून. करता काय?