फक्त ‘उद्या येईल’ म्हणालो!

...आणि वर म्हणतात, ‘भरतशेठ, थँक्यू!’ अहो थँक्यू कसलं, गळ्यात लोढणं अडकवलंत माझ्या! तुम्हाला सांगतो, पोलादपुरात माझं हार्डवेअरचं दुकान, खिळे, नळ, फवारणीचे पंप, गिऱ्हाईक नसलं की मोबाईल... व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकलो, पोरीसाठी गेम केला! भजनी मंडळाच्या इलेक्ट्रॉनिक पेटीची वायर कॉम्प्युटरला जोडायची, ‘सा’ दाबला की बेडूक उडी मारतो! पेटी वायरीतून जे बोलते ना, त्याला मिडी म्हणतात. गेम बनवायची ती फुकटची लायब्ररी, पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रॅमची, जगभरची माणसं मिळून चालवतात, तिथं हौसेनं दाखवला, तर त्यांच्या मुख्य बाई, जर्मनीच्या, म्हणतात, ‘हे मिडी आमच्या लायब्ररीतच बसवून द्याल?’ मी काय म्हणालो? फक्त ‘उद्या येईल’ म्हणालो!

अहो, दुकानदार तोंडावर ‘नाही’ म्हणतो का कधी? कापडे गावचा हैबती येतो, ‘शेट, पंपाचा वायसर हाय का?’ ‘उद्या येईल.’ ‘मंजी नाय!’ हसतो आणि गुमान महाडची एस.टी. धरतो. पण बाईंनी वेबसाइटवर छापलं की हो... ‘मिडी उद्या येतंय!’ आता दुकानाच्या शब्दाचं काय? अर्धं शटर ओढून बसलो, दिलं बसवून!

तेव्हापासून अडकलोय! ब्राझीलचा एक ओरडतो, ‘पट्टी सोडली तरी सूर वाजतच राहतो, सुटत नाही!’ बाबा रे, इथं मी सुटत नाही! जपानचा विचारतो, ‘माझा ड्रम कधी चालणार?’ आणि माझी बोटं सवयीनं काय टाईप करतात? ‘उद्या येईल!’ शेवटी बाईंना समजावलं, आमच्याकडे याचा अर्थ ‘नाही’. त्या म्हणाल्या, ‘वा! फार सोयीचं आहे. लक्षात ठेवते.’

आज मेव्हणीची, दर्शनाची हळद, हिरकणीवाडीला. बायको गाडीत बसून हॉर्न वाजवतेय, ‘येताय, की त्या बेडकाशीच संसार मांडलाय?’ आणि लायब्ररीची नवी आवृत्ती आजच निघायची, तो सूर अजून अडकलेला! हात जोडून बाईंना लिहिलं, मला मोकळं करा, माझ्या जागी दुसरा माणूस द्या. तत्काळ उत्तर... तेही मराठीत हो! ‘भरतशेठ, उद्या येईल.’

काय करता? बायकोला म्हटलं, ‘तू हो पुढे, मी उद्या येतो.’

तर गाडी सुरू करत म्हणते कशी, ‘मंजी नाय!’