न दाखवण्याचा हक्क

(सन २००२, भोकरदन. जालन्याच्या महाविद्यालयात कायदा शिकवणाऱ्या बेबीनंदा यांच्या घरची बैठक. त्यांचे थोरले भाऊ, जाफराबादेत तालीम चालवणारे तातेराव, खिडकीशी बसले आहेत. समोर गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष सर्जेराव. खुर्ची पुढे केली तरी ते अजून उभेच. कुस्त्यांचा फड उद्या दुपारी.)

सर्जेराव : …अन् लग्नाचं शूटिंग करणारा गरीब माणूस तो! त्यालाबी नोटीस? बेबी, आखाडा मपला, माती मपली, पाहुणे मपले, आन् फोटू काढायचा न्हाई म्हणता?

बेबीनंदा : माती तुमचीच आहे, सर्जेराव. तिच्यावर मी कधी दावा सांगितला नाही. त्या मातीवर जे घडते ते घराघरांत दाखवण्याचा आणि ऐकवण्याचा हक्क तेवढा माझ्या पूर्णा केबलकडे आहे. पाच वर्षे, आणि फक्त पूर्णा केबलकडे. दुसऱ्या कोणाचा कॅमेरा मैदानात आला तर करार तुम्ही मोडला असे होते. नोटिशीत हेच लिहिले आहे. भाषा थोडी कमी गोड आहे, एवढेच.

सर्जेराव : मंग दाखवा ना तुमी! आमी कधी नको म्हन्लं? तुमचा वायरमन सकाळी येऊन सांगतो, उद्या आमचा कॅमेरा येणार न्हाई. म्हणून तर शूटिंगवाला बोलावला, जालन्याच्या केबलवाल्याला हात जोडले.

बेबीनंदा : वायरमन बरोबर बोलला. उद्या कॅमेरा येणार नाही.

सर्जेराव : हक घेतला आन् दाखवणार न्हाई? हे कोणत्या कायद्यात बसतं?

बेबीनंदा : ज्या कायद्यात तुमची मोसंबी बसते, त्याच. बागेचा बहार व्यापाऱ्याला देता तेव्हा त्याच्याकडून काय लिहून घेता?

सर्जेराव : अमुक तारखेपोतर माल तोडून न्यावा. न्हाई तोडला तर बाग मोकळी.

बेबीनंदा : का लिहून घेता?

सर्जेराव : का म्हंजे? न्हाई तर झाडावरच सडवून ठेवंल बेटा. दुसऱ्याला देऊ देणार न्हाई, सोता तोडणार न्हाई.

बेबीनंदा : पाहा. मी वर्गात आठवडाभर समजावते ते तुम्ही एका दमात सांगितलेत. एकट्याला दिलेला हक्क म्हणजे तोडण्याची मुभा, तशीच सडवण्याचीही. मोसंबीच्या बाबतीत तुम्हाला हे बारशापासून ठाऊक आहे. पण चित्र हाही माल असतो, हे तुमच्या अख्ख्या कमिटीत एकालाही सुचले नाही. कराराच्या बैठकीत तुम्ही दिवसभर भांडलात, ते कशावरून? फलकावर कोणाचा फोटो मोठा, मंत्र्यांना फेटा कोणी बांधायचा, आणि बांधताना कॅमेरा कोणत्या बाजूला हवा. मी सगळे मान्य केले. दाखवले तर तसेच दाखवू. पण दाखवलेच पाहिजे, असे लिहा म्हणून कोणी तोंड उघडले नाही.

सर्जेराव : सही घ्यायला तुमचा चष्म्यावाला मॅनेजर आल्ता. मालक तुमी हाव हे कुणी सांगितलं आमाला?

बेबीनंदा : शेवटच्या पानाने सांगितले. मालक म्हणून माझे नाव तेथे मराठीत छापलेले आहे. तुम्ही त्या पानावर स्वतःच्या नावाआधी 'माननीय' आहे की नाही, एवढेच पाहिलेत.

सर्जेराव : बरं, चुकलं. तुमचे पैशे वापस घ्या, वर आणखी घ्या. पण उद्याचं निभावून न्या. फडाला पन्नास साल झाले, बेबी… मॅडम. तीन तालुक्यांत पत्रिका वाटल्या, 'घरबसल्या बघा' म्हणून. हाटेलवाल्यांनी टीव्ही भाड्यानं आणून ठेवले. उद्या मंत्री येऊन राह्यले. पुढल्या महिन्यात जिल्हा परिषदेचं तिकीट ठरायचं, ते उद्याच्या गर्दीवर आन् उद्याच्या टीव्हीवर. पडद्यावर निस्त्या मुंग्या दिसल्या तर लोक काय म्हणतील?

बेबीनंदा : म्हणतील, सर्जेरावांच्या फडात काही घडलेच नाही. हे वाक्य तुम्हाला परके वाटू नये.

सर्जेराव : आता पंच्याऐंशी साल काढू नका.

बेबीनंदा : मी साल उच्चारले नव्हते, तुम्ही उच्चारलेत. बरे झाले. शेवटची कुस्ती. एकीकडे तुमचे धाकटे बंधू काकासाहेब, दुसरीकडे माझा हा भाऊ. त्याने काकासाहेबांना चीतपट केले. दोन्ही खांदे मातीला लागले, पंचाने हात वर केला. त्या वेळी माईक कोणाच्या हातात होता?

तातेराव : बेबी, राहू दे.

बेबीनंदा : नाही, भाऊ. सतरा वर्षे राहूच दिले आहे. माईक यांच्या हातात होता. हे म्हणाले, 'कुस्ती बरोबरीत सुटली.' पंचाचा वर गेलेला हात खाली आला. हलगी थांबली. डोळ्यांनी पाहिलेली माणसेसुद्धा घरी जाऊन बरोबरीच सांगू लागली, कारण भोंगा डोळ्यांपेक्षा मोठा होता. पोलीस भरतीसाठी भाऊने जिंकल्याचा दाखला मागितला, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'बरोबरीचा देतो.' आणि तोही दिला नाहीत. सर्जेराव, त्या दिवशी तुमच्या मुठीत जे होते त्यालाच प्रसारणाचा हक्क म्हणतात. पुढे मी त्या विषयावर कपाटभर ग्रंथ वाचले. तुमच्याइतके स्वच्छ उदाहरण एकातही सापडले नाही.

सर्जेराव : तवाचे दिवस वेगळे होते. बौद्धवाड्यातल्या पोरानं पाटलाच्या भावाला पाडलं, असं माईकवर म्हन्लं अस्तं तर दगडं पडले अस्ते. मी गाव सांभाळलं.

बेबीनंदा : गाव सांभाळले! इतिहासात जेथे जेथे कोणाचा तरी गळा दाबला गेला, तेथे तेथे बाहेर ओट्यावर एक सज्जन गाव सांभाळत बसलेला आढळतो. त्याचे नाव फलकावर नेहमी मोठ्या अक्षरात असते.

सर्जेराव : तात्या, तू तरी सांग रे हिला. उद्या तुला मानानं बोलावतो. शाल, नारळ, बिलकुल मंत्र्याच्या हातानं.

तातेराव : शाल नको, आबा. मला थंडी न्हाई वाजत.

सर्जेराव : आरं, शेवटची कुस्ती तुझ्याच पठ्ठ्याची हाय ना! मपला नातू भुजंग आन् तुझा उत्तम. माझं जाऊ दे, पण उत्तमचंबी तोंड दिसणार न्हाई कुणाला. त्याचं तरी बघ.

तातेराव : ते खरं हाय. बेबी, हे उद्यापुरतंच का पाचीबी साल?

बेबीनंदा : पाचही वर्षे.

तातेराव : माझ्या पोरायनं काय केलं तुझं?

बेबीनंदा : काही नाही. तुझ्या वाट्याला आले ते त्यांच्याही वाट्याला येईल. फरक इतकाच, की या वेळी सर्जेरावांनाही त्यातला वाटा मिळेल.

तातेराव : उत्तमची माय शेजारणीच्या घरी बसून बघणार म्हन्ली. फडात बाया जात न्हाईत. तिनं लेकाची कुस्ती कधी बघितली न्हाई.

बेबीनंदा : मला हे ठाऊक नव्हते.

तातेराव : तू इचारलं न्हाई.

बेबीनंदा : नाही विचारले. आणि तरीही माझा निर्णय बदलत नाही. मला एकदा तरी या माणसाच्या दिमाखावर अंधार पडलेला पाहायचा आहे. त्यासाठी आणखी कोणाला अंधारात बसावे लागले तर तो हिशेब मी नंतर देईन.

सर्जेराव : ऐकलं का तात्या? शिकल्याल्या माणसाचं काळीज हे असं. बास, लई झालं! नका दाखवू! टीव्ही नव्हता तवाबी आमचा फड भरतच होता. पत्रिकेचं काय, सांगीन केबल नादुरुस्त. भोंगा मपलाच हाय, पंच मपलेच हायेत. भुजंग पडो का उभा राहो, उद्या मी माईकवर जे बोलंन तेच चार गावांत जाईल. कॅमेरा न्हाई हे एका परीनं बेसच झालं. उपकार झाले, प्राध्यापकीणबाई. चाललो मी.

तातेराव : बेबी, खरं बोलून राह्यले ते.

बेबीनंदा : ऐकले, भाऊ. इतक्या वर्षांचे वाचन, आणि यांच्यासाठी अंधार मी स्वतःच विणत बसले होते. सर्जेराव, थांबा. मघापासून खुर्ची रिकामी आहे, बसा. उद्या दाखवते.

सर्जेराव : आँ?

बेबीनंदा : पोरांच्या पहिल्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत. थेट, काहीही न कापता. मंत्र्यांचा फेटासुद्धा, तुम्ही सांगितलेल्या बाजूने.

सर्जेराव : देव पावला! मी म्हणतच होतो, आपल्याच गावची लेक, ती कुठवर ताणणार—

बेबीनंदा : पुरते ऐकून घ्या. चित्र माझे, तसा आवाजही माझा. तुमचा भोंगा मैदानात वाजेल. घरांत पोहोचणार नाही. तेथे पूर्णा केबलचा माणूस बोलेल. एक कॅमेरा मचाणावर, दुसरा मातीच्या कडेला, जमिनीलगत. ज्याचे खांदे टेकतील त्याचे खांदे दिसतील. मग तीच कुस्ती रात्री पुन्हा, सकाळी पुन्हा, संथ गतीने. तुमचे तिकीट ठरेपर्यंत रोज. पुन्हा किती वेळा दाखवावे याला बांध घालायचेही तुमच्या कमिटीला सुचलेले नाही.

सर्जेराव : मंग… मंग राहू द्या. तुमी पयले म्हणत होत्या तेच बराबर. नकाच दाखवू.

बेबीनंदा : दाखवावे की न दाखवावे, हे ठरवणेच तुम्ही विकले आहे. आता या बाजूने विनवा की त्या बाजूने.

सर्जेराव : कॅमेरा फाटकातून आतच येऊ देणार न्हाई मी!

बेबीनंदा : मचाण, वीज आणि वाट देण्याची हमी तुमच्या सहीची आहे. तरीही अडवा. मंत्री उतरत असताना फाटकात आडवा झालेला उमेदवार, हेही चित्र मला चालेल. बाहेरून काढता येते.

सर्जेराव : आवं, पोरगं हाय ते. भुजंगाची काय चूक? साऱ्या जिल्ह्यादेखत त्याला पडताना दाखवणार?

बेबीनंदा : तो पडणारच, हे तुम्ही धरून चालला आहात. त्याच्या कानावर घालू का?

सर्जेराव : …घरांमधी कोण बोलणार उद्या?

बेबीनंदा : भाऊ.

तातेराव : मी? येडी का तू? मी वस्ताद माणूस. पोरायलाबी 'ऊठ' आन् 'परत कर' याच्या वर बोलत न्हाई. आन् उत्तम माझाच पठ्ठा. लोक म्हणतील, आपल्या पठ्ठ्याच्या बाजूनं बोलतो.

बेबीनंदा : म्हणू देत. चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. तू खोटे बोललास तर पहिल्यांदा उत्तमच्या आईलाच कळेल.

तातेराव : लई बोलावं लागंल का?

बेबीनंदा : जेवढे दिसेल तेवढे.

सर्जेराव : तातेराव, जरा इकडं बसा. जवळ बसा. मागलं सोडा. समजा, उद्या भुजंग पडला. तर काय म्हणाल?

तातेराव : पडला म्हणीन.

सर्जेराव : असं उघडं?

तातेराव : कोणत्या डावावर गेला ते आधी सांगीन. मंग पडला म्हणीन.

सर्जेराव : आन् जिंकला तर?

तातेराव : तर त्याचं नाव घेईन, आबा. मोठ्यानं.