रुपरावचा अँप आणि माझा दोन नंबरचा चॅनल

...आणि वरून आमची बायको तारा म्हणते, रिटायर झाल्यावर लोकं बागेत फिरायले जातात, तुम्ही काहून त्या डब्यात डोकं घालून बसले? डबा म्हणते ती त्याले. तुम्हाले सांगतो, तो ऑसिलोस्कोप आहे. दवाखान्यात छातीले वायरी लावून कागदावर रेघ काढतात ना, तसाच हा विजेची रेघ काढते, किती व्होल्ट, कशी लाट, सगळं पडद्यावर. शिकाऊ माणसाचा आहे, छोटासा, पण चॅनल दोन, म्हणजे एका वेळी दोन जागची लाट दिसते, एक पिवळी, एक निळी. पस्तीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले, पस्तीस वर्षांत मले कोणी विचारलं नाही की शरच्चंद्र, तुमचं मत काय. हा डबा घरी आला आणि मले मत आलं. मशीन खोटं बोलत नाही, हे ते मत.

आता झालं काय, ताराच्या भजनी मंडळाचा रविवारी कार्यक्रम, रामदासपेठेतल्या एका हॉलमध्ये, आणि त्यांच्यासाठी अँप्लिफायर बनवला रुपरावनं. रुपराव म्हणजे माझा जुना दोस्त, कामठीचा. आयुष्यभर पॉवरलूम दुरुस्त केले आणि फावल्या वेळात अँप बनवले, शिक्षण सातवी, पण हात असा की काय सांगू. तो मंगळवारी अँप घेऊन घरी आला, टेबलावर ठेवला, दोन बाजूले दोन स्पीकर लावले, चहा घेतला, आणि मी म्हटलं, रुपराव, थांबा, जरा मोजून पाहू. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण नवीन डबा घरात असला का माणसाचे हात शांत बसतात का?

लावल्या दोन वायरी. प्रोब म्हणतात त्याले, पेनासारखा दांडा आणि समोर टोक. डाव्या बाजूले एक, उजव्या बाजूले दुसरा. मोबाइलवरून एकच सूर दोन्हीकडे सोडला. पिवळी लाट चार व्होल्ट. निळी किती? पॉइंट चार. दहावा हिस्सा! मी चष्मा पुसला, परत पाह्यलं, पॉइंट चार. रुपराव म्हणे, "साहेब, कानाले तं दोन्हीकडून सारखंच ऐकू येऊन राह्यलं." मी म्हटलं, "रुपराव, कानाचं वय झालं गा, मशीन खोटं बोलत नाही." असं बोललो मी. त्याच्या तोंडावर. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला, अँप पिशवीत घातला, म्हणे, "घरी नेऊन पाहतो." आणि गेला. तारा दारातून पाहत होती. म्हणे, "तुम्ही त्याले काय बोलले, माहीत आहे का?" मी म्हटलं, मी काय बोललो, मशीन बोललं.

पण मन लागते का मग? बुधवारी मी सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं नवीन खेळणं मोजलं, एक चार्जर, तर तो निळ्या रेघेवर पाच व्होल्टच्या जागी अर्धा व्होल्ट दाखवते. आणि त्याच चार्जरवर माझा मोबाइल मजेत चार्ज होऊन राह्यला होता. आता अर्ध्या व्होल्टवर मोबाइल चार्ज होते का? मी मेनू पालटला, डबा बंद करून चालू केला, पुस्तक वाचलं, त्यातली अक्षरं इतकी बारीक की मुंगीले चष्मा लागावा. गुरुवारी दुपारी तारा भाजी निवडता निवडता म्हणे, "मले मागं ताप आला होता तेव्हा आपल्याकडे दोन थर्मामीटर होते, एक एकशे दोन सांगे, एक अठ्ठ्याण्णव. तेव्हा आपण काय केलं? दोन्ही माझ्याच काखेत लावून पाह्यले. डॉक्टर थोडीच बदलला."

हे बाईनं सांगावं, मेथी निवडता निवडता.

डब्याले समोर एक धातूची पट्टी असते, तपासणीसाठीच, तिच्यावर ठरलेले तीन व्होल्ट येतात. दोन्ही प्रोब तिलेच लावले. जागा एक, वीज एक. पिवळी तीन, निळी पॉइंट तीन. म्हणजे बोलणारं मशीनच दोन तोंडांनी बोलून राह्यलं होतं! मग मी प्रोबची अदलाबदल केली, दोन नंबरचा एकमध्ये, एकचा दोनमध्ये. तर आता पिवळी कमी, निळी बरोबर. चूक प्रोबसोबत चालत गेली. मग तो प्रोब उजेडात धरला, आणि दांड्यावर, बरोबर अंगठा ठेवतो तिथं, एक इवलंसं बटण. एकीकडे एक लिहिलं, एकीकडे दहा. दहावर असलं की तो विजेचा दहावाच हिस्सा पुढं सोडते, आणि ते डब्याले मेनूत सांगावं लागते. मी डब्याले सांगितलंच नव्हतं. बटण माझ्याच अंगठ्यानं सरकलं असणार. डबा बिचारा मिळालं तेवढं दाखवत होता. मशीन खोटं बोलत नाही, बाप्पा, बोललो तो मी.

आणि तिकडं कामठीले रुपराव चांगला अँप उघडून, सगळे भाग काढून बसला असेल, चाळीस वर्षांच्या हातावर शंका घेऊन. मले बसवलं नाही. डोक्याले दुपट्टा बांधला, भर उन्हात शेअर ऑटो पकडला, गेलो. रुपराव ओट्यावर बसला होता, अँप बाजूले कपड्याखाली. मी बसलोही नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बटण, अंगठा, थर्मामीटर, सगळं. म्हटलं, "रुपराव, तुमचा अँप चांगला होता. मले माफ करा. किती खोलला?"

तो म्हणे, "खोललाच नाही जी."

"काहून?"

"घरी आणून परत ऐकला. दोन्ही बाजू सारख्या. म्हटलं, शनिवारी तसाच नेऊन देऊ, साहेब परत मोजतील, तेव्हा बरोबर निघालं तर म्हणतील रुपरावनं दुरुस्त केलं."

"आणि नसतं निघालं तर?"

"तर तुमचा डबा दुरुस्त करून दिला असता." मग आतल्या बाजूले वळून बायकोले म्हणे, "रुखमाबाई, चहा ठेव वं, साहेब उन्हातून आले." तो चहा मी पूर्ण प्यालो, तुम्हाले सांगतो, खाली साखर उरली तीही.

रविवारी कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, अँप एक नंबर, डावा स्पीकर स्वच्छ, उजवा स्वच्छ, शेवटच्या खुर्चीपर्यंत एकेक शब्द. आणि ताराचं मंडळ... आता काय सांगू, पेटी एकीकडे, बाया दुसरीकडे, आणि तारा तिसरीकडे. रुपराव माझ्या बाजूले बसला होता, नजर समोर. घरी येताना तारानं विचारलं, "कसं झालं हो?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी अगदी सारखं."

ती खूश झाली. म्हणे, पुढच्या महिन्यात परत ठेवू.