लॅपटॉप हायब्रीड झाला

"...जायच्या आधी सरायनं त्या लॅपटॉपात साऱ्या गल्लीचं लिहून ठेवलं म्हने, अन् पंचफुलाचं तं असं लिहिलं, असं लिहिलं की..." अन् नेमकी चक्की सुरू झाली. आता तुमीच सांगा, मानसानं काय करावं? मी पंचफुला, गव्हाचा डबा काखेत घेऊन दाराआड उभी, आत धुरपताबाई रामीबाईच्या कानात सांगून राह्यली, तोंड हालते धुरपताबाईचं अन् आवाज येते चक्कीचा. अर्धा घंटा. चक्की थांबली तवा दोघी सोयाबीनच्या बियान्यावर आल्या होत्या. तसं लोकायच्या घरातलं आपल्याले काय करायचं म्हना... पन माह्यं नाव होतं ना त्यात.

देवमन सर म्हनजे माह्ये शेजारी, मंधात एकच भिंत. पस्तीस वर्सं मास्तरकी केली, रिटायर झाले तं पोरानं, सतीशनं, पुन्याहून आपला जुना लॅपटॉप पाठवला. तवापासून रोज दुपारी दोन बोटायनं टकटक, टकटक, अन् शाळेची सवय, शुद्धलेखन घालून राह्यल्यासारखं एकेक शब्द मोठ्यानं म्हनत लिहायचे. मी काई भिंतीले कान लावत नाई, तुमाले सांगतो, भांडे त्या भिंतीपाशी घासतो एवढंच. भागिरथाबाई, त्यायची बायको, इचारे, "काय लिहिता वो येवढं?" तं सर म्हनत, "पुरं झालं की तुले वाचून दाखवतो."

पुरं कायचं होते. रामनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी म्हने, "चहा ठेव," थोडं अजून लिहिलं, मंग लॅपटॉपचं झाकन लावलं, बाजेवर पडले. बाई चहा घेऊन आली तं... मानूसही झोपलेला अन् लॅपटॉपही झोपलेला. दोघंही उठले नाईत.

तीन मयने बाईनं तो उघडला नाई. रोज फडक्यानं पुसे, पन झाकनाले हात नाई. चक्कीवरून आली तशी मी गेली, म्हटलं, "भागिरथाबाई, उघडून तं पाहा, तुमच्यासाठी काई लिहून ठेवलं असन." तुमच्यासाठी म्हटलं मी, माह्यं नाव नाई काढलं. उघडला, वायर लावली, बटन दाबलं. बारीकसा लाईट लागला, आत पंखा घुरघुरला, अन् पडदा काळाच. झाकन लावलं, उघडलं, काळा. मी दोन थापट्या देल्या, आमचा टीवी तसाच चालू होते... काळा. बाई लाईटाकडे पाहत म्हने, "जीव तं हाय वं याच्यात."

म्हनून मंग दुरुस्तीले एस्टीनं मालेगाव. सरायच्या मफलरात गुंडाळून बाईनं तो मांडीवर घेतला, कंडक्टर म्हने वर ठेवा, तं नाईच. आपल्याले काय करायचं म्हना, पन मी संग गेली, एकट्या बाईले कसं सोडावं?

दुकानवाल्याचं नाव नवीन, दुकान जुनं. त्यानं चार बटनं दाबून पाह्यले अन् म्हने, "काकू, हा हायबरनेटमध्ये गेला."

मी म्हटलं, "हायब्रीड तं ज्वारी असते ना रे बापू."

"हायबरनेट, मावशी. म्हनजे जे उघडं होतं ते तसंच पोटात धरून झोपते. आता हा जागा होऊन नाई राह्यला. बटन दाबून धरू, पुरा बंद पाडू, मंग सुरू करू. पन लिहून सेव्ह केलं नसन, ते जाईन."

बाईनं लॅपटॉपवर हात ठेवला. "म्हनजे त्यायचं शेवटचं याच्या पोटात हाय, अन् तू याले मारतं?"

नवीननं हात मागं घेतला. बाई मफलर गुंडाळू लागली, म्हने, "राहू दे. झोपला तं झोपला. घरी असाच राहीन."

आता आपल्याले काय करायचं होतं, सांगा? पन माह्या डोक्यात ती चक्की घरघर करून राह्यली. मीच म्हटलं, "बाई, आत काय हाय ते कळन तरी." माह्यंच तोंड.

नवीन म्हने, "काकू, तुमीच दाबा." बाईनं बोट ठेवलं. एक, दोन, तीन... नवावर लाईट गेला. तरी बाईचं बोट निघेना. नवीननंच हळूच उचललं.

मंग चालू झाला. नवीननं इकडं तिकडं धुंडलं अन् म्हने, "शेवटचं पान अर्धं सापडलं, मशीन आपल्या मनानं थोडं थोडं जपून ठेवते." अन् वाचू लागला, सरायचीच ती पुस्तकातली भाषा: "शेजारी पंचफुलाबाई. या बाई भिंतीला कान लावून असतात. म्हणूनच श्रावणात मी न्हाणीत पडलो, तेव्हा सर्वांत आधी त्याच धावत आल्या. त्यांची स्टीलची वाटी आपल्याकडे आहे. ती रिकामी परत देऊ नये."

म्हनजे धुरपताबाईचं खरं निघालं... अर्धं.

अन् त्याच्या खाली, "भागिरथा, तुला एवढेच सांगणे आहे की". बस. पुढं एक बारीक रेघ, दिसे अन् जाय, दिसे अन् जाय.

"पुढं?" बाई म्हने.

"पुढचं गेलं, काकू."

येतानी एस्टीत बाईनं तो परत मांडीवरच घेतला.

दुसऱ्या दिवशी वाटी आली, मुंगाच्या वड्यायनं भरलेली. बाईनं ती माह्या हातात देली, पन सोडेना. म्हने, "पंचफुला, ते मोठ्यानं बोलून लिहित ना वं. मी तवा गॅसपाशी, चहा उकळून राह्यला होता, मले नाई आयकू आलं. तुले तं आलं असन. 'एवढंच सांगणं की', त्याच्या पुढं काय म्हनले?"

काय सांगू आता? सव्वीस वर्सं त्या भिंतीपाशी भांडे घासले मी. अन् नेमके रामनवमीचे ते दोन दिवस मी पोहरादेवीच्या यात्रेत होती. माह्यं नाव सरायनं तवाच तं लिहिलं असन, मी घरी असती तं मोठ्यानं कसं म्हनले असते?

म्हटलं, "बाई, मी घरी नव्हती वो."

बाईनं वाटी सोडली. म्हने, "नेमकी तवाच काहून गेली वं?"

उभ्या जन्मात पह्यल्यांदा कोनी मले रागावलं, की तू कान काहून नाई लावला.