उतरवलेला बावटा

सन्माननीय अध्यक्ष राजेशबाब, पेडण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या मच्छीमार संस्थेचे सभासद, समोर बसलेल्या माता-भगिनी आणि आज संस्थेतून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कृष्णनाथबाब,

सचिव म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. "चार गोड शब्द बोल हरी," असं अध्यक्षांनी बजावलंय. बघतो, जमतं का.

एकतीस वर्षं रोज सकाळी कृष्णनाथबाबांनी हवामानाचं बुलेटीन फळ्यावर लिहिलं. वारा किती, लाटा किती उंच, सगळं. धोका असला की खांबावर लाल बावटा चढायचा आणि मग एकही होडी पाण्यात जायची नाही. ऊन पडलेलं असलं की आपण त्यांची थट्टा करायचो, "खंय आसा रे तुझां वादळ?" ते शांतपणे म्हणायचे, "तुमका दिसता तो काठावरचो दर्या. बुलेटीन भायल्या दर्याचां."

अशा माणसाला आपण निरोप काय देतोय? खांद्यावर शाल आणि फाईलमध्ये मेमो! "बावटा लावण्यात कसूर." लाज कशी वाटत नाही आपल्याला?

टाळ्या नकोत. ऐका.

गेल्या नारळी पौर्णिमेला फळ्यावर काय लिहिलं होतं? खोल समुद्रात वारा ताशी पंचावन्न किलोमीटर, लाटा साडेतीन मीटर. बावटा सकाळी सहालाच चढला होता. मग त्यांना हार आणायला मोटारसायकलवरून म्हापशाला कोणी पिटाळलं? आपणच. त्यांच्या पाठीमागे पाहुणे आले, नारळ सजला, आणि अध्यक्षमहोदय, तुम्ही वर बघून म्हणालात, "पूजेक लाल बावटो? अपशकून तो! फोटोत दिसतलो. काढ रे, अर्ध्या तासान परत लाव."

मी काढला. होय, या हातांनी. मग नारळ सोडला, भाषणं झाली, जेवणं झाली. बावटा ऑफिसात खुर्चीवर पडून राहिला, आणि मी खीर वाढत होतो! परेश आणि गणेश हे दोघे भाऊ उशिरा आले. खांब मोकळा दिसला, होडी लोटली. कृष्णनाथबाब परतले ते हार टाकून खांबाकडे धावले, पण होडी केव्हाच बाहेर गेली होती. परेश डिझेलचा रिकामा डबा धरून तरंगत परत आला. गणेश आला नाही.

चौकशीत आपण सगळे गप्प. दोष कोणावर? जो तिथे नव्हताच, त्याच्यावर. त्यांनीही तोंड उघडलं नाही, कारण पूजेचं नाव खराब होईल म्हणे! अहो, कसली पूजा आणि कसलं नाव?

चंद्रावतीबाय, तुम्ही गणेशची आई. वर्षभर कृष्णनाथबाबांना बघून तुम्ही रस्ता बदलता. बाय, रस्ता बदलायचा तर मला बघून बदला. बावटा मी उतरवला.

अध्यक्षमहोदय, हा माझा लेखी जबाब आणि हा मेमो रद्द करण्याचा ठराव. माझी सही झाली आहे. शाल घालण्याआधी तुमची करा. खाली बघू नका, पेन समोरच आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेने मोठ्या मनाने पोटात घालावं. कृष्णनाथबाब, तुम्ही मात्र मला इतक्यात माफ करू नका.